परतीचं पाणी: रेस टू अलास्कातल्या एका नौकेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंडहून निघायचं आणि अलास्कातल्या केचिकनला पोचायचं. अंतर ७५० मैल, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटर. नौकेवर इंजिन असता कामा नये आणि आधी ठरवून ठेवलेली मदत घ्यायची नाही. बाकी शीड, वल्ही, पेडल, ज्याला जे जमेल ते. 'रेस टू अलास्का' ही शर्यत २०१५ साली सुरू झाली ती या अटींवर. पहिल्याला १०,००० डॉलर रोख आणि दुसऱ्याला जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांचा संच, असं बक्षिसांचं स्वरूप. त्यातली थट्टा उघड आहे. वेगवान बहुकाय नौका, म्हणजे दोन-तीन सांगाडे जोडलेल्या, चार-पाच दिवसांत पोचतात. २०१६ साली एक कॅटामरान ३ दिवस २० तासांत पोचली. छोट्या नौकांना दोन आठवडे किंवा जास्तही लागतात. बहुतेकजण जिंकायला येत नाहीत, पोचायला येतात.

पहिला टप्पा पोर्ट टाउनसेंड ते कॅनडातलं व्हिक्टोरिया, ३६ तासांच्या आत. तो पार करणाऱ्यालाच पुढे सोडतात. मग एक दिवस भर दुपारी व्हिक्टोरियाच्या बंदरातून खरी सुरुवात. बंदराच्या आतल्या भागात शीड उभारायला मनाई, त्यामुळे सगळे वल्ही मारत बाहेर पडतात. तिथून पुढे व्हँकुव्हर बेट आणि कॅनडाची मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून उत्तरेकडे. दोन्ही बाजूंना बर्फाची शिखरं, पाण्यापर्यंत उतरलेलं देवदाराचं रान, मध्येच ऑर्का देवमासे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. छायाचित्रं पाहून या शर्यतीच्या प्रेमात पडणारे पुष्कळ आहेत आणि त्यात चूक काही नाही.

हे प्रकरण २०२० च्या आधीच्या एका वर्षातलं आहे. नौका, माणसं आणि नेमकं साल ओळखू येऊ नये म्हणून गाळलं आहे, वेळा जवळच्या पाव तासाला आणल्या आहेत. तेव्हा वाटेत सीमूर नॅरोज आणि बेला बेला अशी दोन ठिकाणं ओलांडणं बंधनकारक होतं. सीमूरची अट २०२२ साली काढून टाकण्यात आली.

नौका २७ फुटी, एका डोलकाठीची, वयाने तिशीच्या पुढची. इंजिन काढून मागच्या बाजूला दोन पेडलयंत्रं बसवलेली; सपाट पाण्यात दोघांनी नेटाने मारलं तर अडीच नॉट, म्हणजे ताशी अडीच सागरी मैल. माणसं तीन. कप्तान पन्नाशीतला, नौकेचा मालक, याच पाण्यात वाढलेला. दिशादर्शनाचं काम एका मराठी बाईंकडे. मूळच्या रत्नागिरीच्या, सिअ‍ॅटलमध्ये नोकरी, शिडाची नौका तिथल्याच तळ्यावर शिकलेल्या. तिसरा पंचविशीतला, अंगाने दणकट, पेडल मारायला उत्तम, समुद्राचा अनुभव सर्वांत कमी. पुढे त्यांना कप्तान, दिशादर्शक आणि तिसरा असंच म्हणतो.

पाण्याचा स्वभाव

हे समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही, म्हणून थोडं सविस्तर.

भरतीचं पाणी व्हँकुव्हर बेटाला दोन्ही टोकांकडून वळसा घालून आत शिरतं. उत्तरेकडून आलेलं पाणी जॉनस्टन सामुद्रधुनीतून पूर्वेकडे सरकतं आणि सीमूर नॅरोजच्या अरुंद घळीतून दक्षिणेला उतरतं. ओहोटीला सगळं उलट. म्हणजे उत्तरेला निघालेल्या नौकेला ओहोटी हवी.

सीमूरला प्रवाह १५ नॉटपर्यंत जातो. अडीच नॉटच्या पेडलला तिथे काही अर्थ नाही. भरती संपून ओहोटी लागायच्या मधल्या काही मिनिटांत पाणी थांबतं, तेवढ्यात आत शिरायचं. घळीच्या मध्यावर रिपल रॉक नावाचा बुडालेला खडक होता. शंभराहून अधिक माणसं त्याने घेतली. शेवटी ५ एप्रिल १९५८ रोजी आतून बोगदे खणून, १,३०० टनांहून जास्त स्फोटकं भरून त्याचा माथा उडवला. खडक गेला, भोवरे राहिले.

सीमूरनंतर चॅथम पॉइंटला वळसा घातला की जॉनस्टन सामुद्रधुनी लागते, सुमारे ११० किलोमीटर लांब, दोन्हीकडे डोंगर. उन्हाळ्यात पॅसिफिकवर जास्त दाबाचा पट्टा बसलेला असतो. त्यातून येणारा वायव्येचा वारा या डोंगरांमधल्या फटीत सापडून जोर धरतो. दुपारनंतर वाढतो, मध्यरात्रीनंतर बहुधा उतरतो. नौकेला पुढे नेणारी ओहोटी वाहते वायव्येकडे आणि वारा येतो वायव्येकडून. वाऱ्याविरुद्ध प्रवाह आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. थोडक्यात, जे पाणी तुम्हाला पुढे नेतं तेच समुद्र बिघडवतं. कोकणच्या खाडीच्या मुखाशी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी पश्चिमेचा वारा सुटला तर काय होतं हे जाळं टाकणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. दिशादर्शक बाईंनाही होतं. फरक इतकाच की तिथे तो पट्टा पाव मैलाचा असतो, इथे साठ मैलांचा.

आणखी एक. पाण्याचं तापमान जूनमध्येही ८ ते १० अंश. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी एक-दहा-एक असा हिशेब सांगतात: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध जाईपर्यंत साधारण एक तास.

पहिला थांबा: सीमूर

व्हिक्टोरियाहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास नौका सीमूरच्या दक्षिणेला आली. पाणी थांबायची वेळ सव्वासातची होती, पण ती ओहोटी संपून भरती लागायची. घाई करून आत शिरता आलं असतं. मग पलीकडे सहा तास भरती तोंडावर आणि संध्याकाळचा वाराही तोंडावर. दुसरा मार्ग, बाजूच्या मेंझीज बेमध्ये नांगर टाकून रात्री दीडची वाट पाहायची. कुणीच वाद घातला नाही. नांगर टाकला, शिजवून खाल्लं. दोघं तीन-तीन तास झोपली. कप्तान मात्र पेडलयंत्राची साखळी घट्ट करत बसला आणि त्याला तासभरच झोप मिळाली.

दीडला निघाले. अशा वेळी सीमूर एकट्याला मिळत नाही. ज्याला त्याला हीच वेळ हवी असते. अलास्काला निघालेलं दिव्यांनी लखलखलेलं प्रवासी जहाज, ओंडक्यांचा लांबलचक ताफा ओढणारी टग, आणि त्यांच्या कडेने पेडल मारणारी ही तीन माणसं. दिशादर्शकांनी व्हीएचएफवर, म्हणजे नौकेच्या रेडिओवर, दोनदा आपली जागा सांगितली. पलीकडे पडल्यावर ओहोटीने धरलं आणि पहाटे चारला नौका चॅथम पॉइंटला पोचली. इथवर सगळं छापील वेळेनुसार.

प्रश्न

कॅनडाचा सागरी हवामान अंदाज पहाटे चारला नवा येतो. तो रेडिओवर ऐकला: सकाळी वायव्येचा १० ते २० नॉट, दुपारी वाढून ३५, वादळी वाऱ्याचा इशारा. ओहोटी साडेआठच्या सुमारास संपणार, मग दोनपर्यंत भरती, दोनला पुन्हा ओहोटी.

तीन पर्याय टेबलावर आले. खरं तर टेबल नव्हतं, कप्तानाच्या मांडीवरचा ओला नकाशा होता.

पहिला, चॅथम पॉइंटला लागूनच असलेल्या ऑटर कोव्हमध्ये नांगर टाकायचा, दिवसभर झोपायचं आणि पुढच्या रात्री वारा उतरला की निघायचं. गेलेला वेळ: जवळजवळ चोवीस तास.

दुसरा, उरलेल्या ओहोटीवर १७ सागरी मैलांवरच्या हेल्मकन बेटापर्यंत जायचं आणि बेटाच्या उत्तर अंगाला असलेल्या बिलीगोट बेमध्ये शिरायचं. भरती आणि वारा दोन्ही तिथे काढायचे.

तिसरा, हेल्मकनला न थांबता किनाऱ्याला चिकटून भरती सोसत आणखी दहा मैलांवरच्या पोर्ट नेव्हिलच्या आसऱ्याला दुपारच्या आधी पोचायचं. हे वाटतं तितकं अविचारी नाही. वसंत-उन्हाळ्यात डोंगरातलं बर्फ वितळून फियॉर्डांमधून, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांमधून, गोडं पाणी येतं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत पश्चिमेला सरकतं. त्यामुळे या दिवसांत सामुद्रधुनीच्या पृष्ठभागावर ओहोटी जास्त वेळ आणि भरती कमी जोराची असते. कप्तानाला हे पाणी माहीत होतं.

ठरलं ते असं: तिसरा पर्याय धरायचा, दुसरा राखीव. हेल्मकनपाशी पोचल्यावर बघू. 'तिथे बघू' या शब्दांत नेमकं काय बघायचं, किती वारा, किती वेग, हे कुणी बोललं नाही.

हेल्मकनपाशी

सव्वाचार तासांत १७ मैल. आडव्या-तिडव्या चाली करत, एका पट्टीइतकं आखडून लहान केलेलं मुख्य शीड आणि जिब, म्हणजे पुढचं तिकोनी शीड, घेऊन. नौका छान चालत होती. साडेआठला बिलीगोट बेचं तोंड डावीकडे अर्ध्या मैलावर दिसत होतं. वारा १५ नॉट, ऊन पडलेलं.

या प्रकरणात थांबण्यासारखी जागा हीच आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

दिशादर्शकांच्या टिपणात फक्त 'हेल्मकन, ठीक, पुढे' एवढंच आहे. नंतर विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आत शिरावं असं त्यांना वाटत होतं, पण तसं म्हणायला हातात कारण नव्हतं. वारा अंदाजापेक्षा कमीच होता. फोनवर कोणती नौका कुठे आहे ते दाखवणारा शर्यतीच्या मागोव्याचा नकाशा उघडला होता आणि त्यात त्यांच्याच आकाराची एक पिवळी नौका ऑटर कोव्हमध्ये थांबलेली दिसत होती. कप्तानाने ते दोनदा दाखवलं. तिसऱ्याला चारपासून मळमळत होतं. त्याने सांगितलं नाही, कारण सगळे खुशीत होते.

सीमूरला हीच माणसं सहा तास निमूट थांबली. तिथे थांबणं सोपं होतं, कारण समोर १५ नॉटचं पाणी होतं आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ छापलेली होती. हेल्मकनला समोर काहीच नव्हतं. अडवणारं काही नसताना, चांगली चाललेली नौका, मागे पडलेला प्रतिस्पर्धी आणि स्वच्छ ऊन टाकून एका ओसाड खाचेत सकाळी साडेआठला नांगर टाकायचा, हा निर्णय माणसाला स्वतःहून घ्यावा लागतो. अंदाजावर अविश्वास होता असं नाही. अंदाज दुपारचा होता आणि आत्ता सकाळ होती, एवढंच.

पण तक्त्यात एक गोष्ट छापलेली होती आणि ती कुणी वाचली नाही. साडेआठ ते दोन भरती, म्हणजे पाणी पूर्वेकडे. वाराही पूर्वेकडे ढकलणारा. या साडेपाच तासांत केव्हाही माघार घ्यायची ठरवली असती तर पाणी आणि वारा दोघांनी नौका उचलून हेल्मकनला आणून सोडली असती. दोननंतर ओहोटी. तेव्हा माघार म्हणजे पाठीवर वादळी वारा आणि तोंडावर तीन-चार नॉटचा प्रवाह, तोही सर्वांत वाईट समुद्रात. पुढे जायच्या वेळा त्यांनी नकाशाच्या कडेला एकेक करून लिहिल्या होत्या. मागे यायची शेवटची वेळ कुठेच लिहिलेली नव्हती.

पुढचे पाच तास

भरती लागल्यावर वेग कोसळला. किनाऱ्याला चिकटून, खडकाच्या टोकामागे उलटा वाहणारा पट्टा सापडला की तेवढं पुढे, टोक आलं की मागे. सरासरी तासाला दीड मैलही नाही. पेडलयंत्रं दोन्ही चालू. कप्तान आणि तिसरा आलटून पालटून बसत होते, दिशादर्शक सुकाणूवर.

साडेदहाचा अंदाज आला. इशारा कायम. फॅनी आयलंडच्या स्वयंचलित केंद्रावर, म्हणजे अगदी पुढच्याच पाण्यात, २४ नॉट. या वेळी डावीकडे, सामुद्रधुनीच्या दक्षिण काठावर केल्सी बे होतं: लाटा अडवणारा बांध, धक्का आणि सेवर्ड गावातून महामार्गाला जोडणारा रस्ता. शिरायला अर्धा तास लागला असता. दिशादर्शकांनी या वेळी उघड सुचवलं. कप्तानाचं उत्तर त्यांना जसंच्या तसं आठवतं: "रस्ता असलेल्या जागी थांबलो तर घरी जाऊ. थांबायचंच तर पोर्ट नेव्हिलला थांबू."

यात अगदीच तथ्य नाही असं मला म्हणवत नाही. दमलेली माणसं रस्ता दिसला की शर्यत सोडतात, हे अनेकदा घडतं. पण हा मुद्दा सोडण्या-न सोडण्याचा होता, आणि प्रश्न दोन तासांनी येणाऱ्या वाऱ्याचा होता.

पाऊण वाजता पाण्यात अर्धवट बुडालेला ओंडका डाव्या पेडलयंत्रावर आदळला. टगच्या ताफ्यातून सुटलेले आणि किनाऱ्यावरून वाहून आलेले असे ओंडके या पाण्यात पावलोपावली असतात. पंख्याचं एक पातं गेलं. उरलं एकच यंत्र, त्याचा दीड नॉट.

दीड वाजता पोर्ट नेव्हिल तीन मैल पुढे, केल्सी बे चार मैल मागे. वारा २८, झटके ३२. मुख्य शीड दुसऱ्या पट्टीपर्यंत आखडलं. पावणेदोनला त्या दुसऱ्या पट्टीची कडी, म्हणजे शिडाच्या कडेला शिवलेली दोर ओवायची धातूची कडी, कापडासकट निघून आली. तिथून वरपर्यंत हातभर फाटलं. शीड उतरवावं लागलं. नुसत्या जिबवर ती नौका वाऱ्याकडे चढत नाही. तीन मैलांवरचं पोर्ट नेव्हिल त्या क्षणी पर्यायातून गेलं.

आणि दोनला ओहोटी लागली.

दुसरा निर्णय

कप्तानाला ते पटायला पाऊण तास गेला. त्या वेळात त्याने जिबवर दोन चाली करून पाहिल्या. ओहोटी नौकेला पश्चिमेला नेत होती, त्यामुळे उपकरणावर आपण पुढे जातोय असं दिसायचं. पण उत्तर काठाकडे, जिथे पोर्ट नेव्हिलचं तोंड आहे, तिकडे काही सरकत नव्हती. लाटा दोन मीटरपर्यंत, उभ्या, अंतर इतकं कमी की नौकेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एकीतून वर येईतो दुसरीत घुसायची.

याच वेळी दिशादर्शकांचं तिसऱ्याकडे लक्ष गेलं. तो पेडलवरून उतरून खाली दोर आवरत बसला होता आणि एकच गाठ परत परत मारत होता. हाक मारल्यावर जीभ जड झाल्यासारखा बोलला. पाणी आत न येऊ देणाऱ्या ड्रायसूटची पुढची चेन लघवीसाठी उघडलेली, ती चार बोटं तशीच राहिली होती. दीड-दोन तास येणारं पाणी आत जात होतं. शिवाय पहाटेपासून पोटात काही टिकलं नव्हतं. हातातून वस्तू सुटणं, अडखळणं, अस्पष्ट बोलणं, उगाच चिडणं ही शरीर थंड पडत चालल्याची खूण. या चार खुणांपैकी तीन दिसत होत्या.

आता वाद उरला नाही. समोर तीन गोष्टी होत्या. वाऱ्याच्या तोंडी नौका उभी धरून ठेवायची आणि ओहोटीवर वाहत जायचं. तसं केलं तर पुढे कित्येक मैल आसरा नाही. तटरक्षक दलाला बोलावायचं. किंवा जिबवर वारा पाठीशी घेऊन, ओहोटीविरुद्ध, केल्सी बे. तिसरी निवडली. तिसऱ्याला आत नेऊन ओले कपडे काढले, कोरडी लोकर आणि झोपेची पिशवी, थर्मासमधलं गोड कोमट पाणी घोट घोट. अंग चोळलं नाही, हे बरोबर केलं. थंड पडलेल्याचे हातपाय चोळू नयेत. दिशादर्शक त्याच्याशेजारी बसल्या, कप्तान एकटा सुकाणूवर.

नौका पाण्यातून पाच-साडेपाच नॉटने जात होती आणि जमिनीच्या हिशेबात दोन-अडीच. कप्तानाने तिला दक्षिण काठाच्या इतकी जवळ नेली की एरवी कुणी नेली नसती, कारण तिथे ओहोटी मवाळ होती. हे काम त्याने अप्रतिम केलं. दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं दिशादर्शकांना वाटत नाही. पावणेतीनला वळले, साडेचारला बांधाच्या आत.

परिणाम

धक्क्यावर मासेमारीच्या बोटीवरच्या दोघांनी दोर पकडले, तिसऱ्याला त्यांच्या गरम खोलीत नेलं. वाटेत कुणालाही मिळू शकेल अशी, आधी न ठरवलेली मदत नियमात बसते. रात्री आठपर्यंत तो हसू-बोलू लागला, तरी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवून आणलं. रस्ता होता म्हणूनच ते शक्य झालं. कप्तान चौदा तास झोपला.

शीड शिवायला पूर्ण दिवस गेला. फाटलेल्या भागाला दोन्हीकडून चिकटपट्टी, त्यावर जाड सुईने टाके, कडीच्या जागी जुन्या पट्ट्याचा फास. मोडकं पातं काढून एकच पेडलयंत्र ठेवलं.

शर्यत सोडायची का, हे तिसऱ्याने ठरवायचं असं दोघांनी आपसांत ठरवलं आणि त्याला तसं सांगितलं. मला हे फारसं पटत नाही. ज्याच्यामुळे थांबावं लागलं असं त्याला स्वतःला वाटतंय, त्याच्याच गळ्यात हा निर्णय घातला तर तो 'चला' म्हणणारच. तो 'चला' म्हणाला.

ऑटर कोव्हमध्ये झोपलेली पिवळी नौका त्या रात्री वारा उतरल्यावर निघाली आणि पहाटे केल्सी बेसमोरून पुढे गेली. यांची नौका त्यानंतर एका दिवसाने, रात्री दोनला, ओहोटीवर बाहेर पडली. पोर्ट नेव्हिल आरशासारख्या पाण्यात, पेडलवर ओलांडलं. अलर्ट बे, मग केप कॉशन, मग बेला बेला. केप कॉशनला उघड्या समुद्राचा उसळा मोठा वाटला तेव्हा तासाभरात परत फिरले. त्याचे नऊ तास गेले, कुणी कुरकुर केली नाही. बाराव्या दिवशी केचिकनला पोचल्याची घंटा वाजवली. पिवळी नौका दीड दिवस आधी पोचली होती.

वेगळं काय करता आलं असतं

कप्तानाचं मत आजही असं आहे की निर्णय ठीक होता, शिडाची कडी कुजकी होती. ती टिकली असती तर तीनच्या आत पोर्ट नेव्हिलला पोचलो असतो. हिशेब चुकीचा नाही. शिवण तपासायला हवी होती हेही खरं. दुसरी आखडण तीन वर्षांत एकदाही वापरली नव्हती, म्हणून तिथला दोरा उन्हाने किती खाल्लाय हे कळलंच नाही. पण तिशी ओलांडलेल्या नौकेवर अशी एखादी वस्तू तुटणार हे धरूनच निघायचं असतं. प्रश्न ती कुठे तुटते आणि तेव्हा मागे काय उरलेलं असतं, हा आहे.

माझ्या मते या प्रकरणात सर्वांत स्वस्त सुधारणा नकाशाच्या कडेला होती. हेल्मकन ओलांडताना 'माघारीची शेवटची वेळ: दुपारी एक' एवढं लिहिलं असतं तर साडेदहाच्या बोलण्याला धार आली असती. दिशादर्शकांकडे अंदाज होता, शंका होती, पण आकडा नव्हता. तिथे अनुभवी कप्तानापुढे शंका टिकत नाही. एकला नौका कुठे आहे ते पाहायचं. पोर्ट नेव्हिल तासाभरात येत नसेल तर भरतीचा शेवट पकडून परत फिरायचं. त्या वेळी शीड शाबूत होतं. अर्थात एक वाजता खरंच वळले असते का? एक पेडलयंत्र मोडून पाव तास झालेला, पोर्ट नेव्हिलचं टोक दिसत असलेलं. लिहिलेल्या आकड्याने मदत होते, खात्री होत नाही.

झोपेचा हिशेब कुणीच ठेवला नाही. वाऱ्यासाठी मर्यादा ठरलेली होती: ३० नॉटच्या वर अंदाज असेल तर उघड्या समुद्रात जायचं नाही. झोपेसाठी काहीच नव्हतं. दीड दिवसात तीन तासही न झोपलेला माणूस साडेआठला 'पुढे' म्हणाला आणि त्याला तसं विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दिशादर्शक आता असा नियम पाळतात की आसरा टाकून पुढे जायचा निर्णय गेल्या चोवीस तासांत चार तास झोपलेल्यानेच घ्यायचा. कप्तानाला हे हास्यास्पद वाटतं. असा नियम लावला तर शर्यतीत एकही नौका हलणार नाही, असं तो म्हणतो.

तिसऱ्याच्या मौनाबद्दल त्याला दोष देणं सोपं आहे. त्यापेक्षा दर तासाला प्रत्येकाने खाणं, पाणी, चेन, हात एवढं मोठ्याने सांगायचं, ही रीत जास्त उपयोगाची. नौकेवर सर्वांत नवखा माणूस आपणहून कुरकुर करणार नाही, हे धरून चालावं.

उरतो तटरक्षक दलाचा मुद्दा. पावणेतीनला वळताना त्यांनी व्हीएचएफच्या १६ नंबरवर, म्हणजे संकटात वापरायच्या वाहिनीवर, काहीच कळवलं नाही. कप्तानाचं कारण: आपण आपल्या पायांनी चाललो होतो, बोलावण्यासारखं काही नव्हतं. पण बोलावणं आणि कळवणं यांत फरक आहे. नौकेवर एक माणूस थंड पडतोय, मुख्य शीड नाही, केल्सी बेकडे चाललोय, दर अर्ध्या तासाला बोलू, एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. त्यानंतर जिब फाटलं असतं तर शोधायला येणाऱ्यांना कुठे यायचं ते माहीत असतं. मदत न घेण्याच्या शर्यतीत हे अर्धं मिनिटही मदतीसारखं वाटू लागतं. नियमात तसं कुठेही नाही. यावर तिघांचं अजून एकमत नाही, आणि पुढच्या खेपेला दिशादर्शक दुसऱ्या नौकेवर होत्या.